दर मंगळवारी, त्याच सतरंजीवर: शहरात ओळखी जमतात कशा

१९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंशांवर गेला. नागपूरकराच्या अंगाला मे महिन्यातले ४५ अंश सवयीचे असतात, शिकागोला ही सवय नव्हती. त्या काही दिवसांत एरवीच्या प्रमाणापेक्षा सुमारे ७३९ माणसं जास्त दगावली. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा वस्तीवार अभ्यास केला, तेव्हा त्याला नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांमधली तफावत दिसली. गरिबी दोन्हीकडे होती. एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे साधारण सारखेच. तरी नॉर्थमध्ये लाख वस्तीमागे ४० माणसं गेली आणि साउथमध्ये ४ च्या आसपास.

साउथमध्ये रस्त्यावर दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, चर्चमध्ये रोजची ये-जा होती. म्हातारी माणसं घराबाहेर पडत, दुकानाच्या गारव्यात टेकत, आणि एखादी दोन दिवस दिसली नाही तर कोणीतरी चौकशी करायचं. नॉर्थमध्ये कारखाने गेले, पाठोपाठ दुकानं गेली, मोकळे प्लॉट आणि गुन्हेगारीची भीती तेवढी उरली. लोक दारं लावून आत बसले, आणि आतच गेले. दोन्हीकडची माणसं स्वभावाने सारखीच होती. एका वस्तीत जायला जागा होती, दुसरीत नव्हती.

ही गोष्ट नागपूरला लागू पडते, आणि केवळ उन्हाळ्यापुरती नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी झोपलेल्या घरांत शिरलं. अशा पहाटे तळमजल्यावरच्या एकट्या आजींचं दार कोण वाजवणार, हे त्या गल्लीत कोण कोणाला नावाने ओळखतं यावर ठरतं. आणि ओळखणारे कमी होत चालले आहेत. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगरकडच्या कितीतरी घरांत मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आहेत आणि आई-वडील इथे. मिहानमध्ये नोकरीला आलेला तरुण मनीषनगर किंवा बेसाच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाचं नाव त्याला वर्षभर कळत नाही. गडचिरोली, गोंदियाहून शिकायला आलेली मुलं आहेत, बदलीवर आलेली कुटुंबं आहेत, लग्न होऊन नव्या लेआउटमध्ये आलेल्या मुली आहेत.

या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "एखादं मंडळ जॉइन करा." सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. कुठलं मंडळ, किती दिवस, आणि तिथे जाऊन करायचं काय, हे कोणी सांगत नाही. ओळख कशी तयार होते याबद्दल गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत बराच अभ्यास झालेला आहे. तो समजून घेतला तर निवड सोपी होते.

तोंडओळखीची किंमत

आधी एक गैरसमज बाजूला करू. मंडळात जाऊन जिवाभावाचे मित्र मिळाले तरच जाणं सार्थकी लागलं, असं आपण धरून चालतो. पण शहरात रोजच्या अडीनडीला उपयोगी पडतात ती तोंडओळखीची माणसं. खोली भाड्याने हवी आहे, आईसाठी दिवसभराची बाई हवी आहे, मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) कोणाला भेटायचं कळत नाही, मुलीला गणिताची शिकवणी हवी आहे. अशा वेळी सख्खा भाऊ बहुधा सांगतो, "मलाही माहीत नाही रे."

याचं कारण मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं. आपली अगदी जवळची माणसं एकमेकांनाही ओळखतात, त्याच घरांत ऊठबस करतात, म्हणून त्यांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. अधूनमधून भेटणारा माणूस वेगळ्या वर्तुळातून येतो आणि तिथली खबर घेऊन येतो. त्याने बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, की ज्याच्यामुळे नोकरी लागली त्या माणसाची आणि तुमची गाठ कितपत पडायची? वारंवार, असं सांगणारे १७ टक्के भरले. अधूनमधून म्हणणारे ५६ टक्के, आणि क्वचित म्हणणारे २८ टक्के.

अभ्यास छोटा होता, आणि नोकरीपुरताच होता. पण २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी सभासदांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगांचे निकाल आले आणि मूळ मुद्दा टिकला, एका सुधारणेसह. अगदीच पुसटशी ओळख फारशी कामाला येत नाही. सर्वात उपयोगी ठरते ती मधली ओळख: घट्ट मैत्री नाही, पण नाव माहीत आहे, चेहरा माहीत आहे, चार गोष्टी बोलून झाल्या आहेत. मंडळात, वाचनालयात, मैदानावर होणारी ओळख नेमकी याच पट्ट्यातली असते. म्हणून तिथे जाताना "इथे माझा मित्र कोण होईल" हा प्रश्न सोडून दिलेला बरा. वीस माणसं नावाने माहीत झाली तरी पुष्कळ काम झालं.

याला तब्येतीचीही बाजू आहे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतल्या ३ लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते ते अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. बीपीची गोळी जितक्या नेमाने घेतो तितक्या नेमाने सकाळच्या कट्ट्यावर जावं, असं मी माझ्या ओळखीच्या ज्येष्ठांना सांगते. गोळी बंद न करता, अर्थात.

५० तासांचा हिशेब

ओळख मुरते ती पुन्हा पुन्हा समोर येण्याने. हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत विवाहित विद्यार्थ्यांची एक वसाहत होती. घरं कोणाला कुठली मिळाली हे निवडीवर नव्हतं. लिऑन फेस्टिंगर आणि दोन सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांना त्यांचे जवळचे मित्र विचारले. १९५० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की अगदी शेजारच्या दाराशी मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराशी १० टक्के. मधलं अंतर शंभर फूटसुद्धा नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी ज्यांचं घर होतं त्यांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री झाली, कारण वरच्यांना त्यांच्या दारावरूनच जावं लागायचं.

दुसरा हिशेब तासांचा आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्या गावी राहायला गेलेल्या माणसांचा आणि नव्याने कॉलेजात आलेल्या मुलांचा अभ्यास करून अंदाज मांडला. नुसत्या ओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात. मित्र म्हणावं इतपत यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. अंदाज अमेरिकेतला आहे, आपल्याकडे तास थोडे कमी-जास्त होतील. पण गणित करून बघा. आठवड्यातून एकदा दीड तास भेटणाऱ्या मंडळात ५० तास भरायला ३३ आठवडे लागतात, म्हणजे आठ महिने. महिन्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या क्लबात दोन वर्षांहून जास्त. आणि बागेत रोज सकाळी तासभर जमणाऱ्या मंडळींचे तेवढेच तास दोन महिन्यांच्या आत पुरे होतात.

नागपूरच्या बागांमधल्या सकाळच्या गटांत इतक्या लवकर घरोबा कसा होतो, याचं मला वाटतं हेच उत्तर आहे. तिथे कोणी मुद्दाम काही करत नाही. ५:३० ला फाटक उघडतं, तीच माणसं, तोच पार, तीच चक्कर. आठ दिवस कोणी दिसलं नाही की विचारणा होते, "का हो भाऊ, तब्येत बरी नव्हती का? दिसून नाही राहिले."

उलट बाजूने, दोन बैठकांना जाऊन "इथे आपलं जमत नाही" म्हणणारा माणूस तीन तासांवर निकाल देत असतो. त्याला परके वाटणारच, कारण अजून सगळे परकेच आहेत. बरं, त्याचा स्वतःबद्दलचा अंदाजही चुकीचा असण्याची शक्यता मोठी. २०१८ च्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण किती आवडलो याचा लोकांनी बांधलेला अंदाज खऱ्यापेक्षा सातत्याने कमी निघाला. पहिल्या दिवशी घरी परतताना "मी उगाच बोललो" असं वाटतं, तेव्हा समोरचाही बहुधा तेच म्हणत घरी चाललेला असतो.

यातून निवडीचे दोन निकष निघतात, आणि विषयाच्या आवडीपेक्षा मी त्यांना वरचं स्थान देते. जागा चालत पंधरा मिनिटांवर असावी, आणि वार-वेळ ठरलेली असावी. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेला आवडीचा क्लब पहिल्या पावसात सुटतो. गल्लीच्या टोकाला दर मंगळवारी संध्याकाळी बसणारं भजनी मंडळ, तुम्हाला भजनाची फार गोडी नसली तरी, चालू राहतं.

हॉल यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोकरीच्या ठिकाणी एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या हिशेबात फारसे धरले जात नव्हते. मोकळेपणाने, बिनकामाचे घालवलेले तास धरले जात होते. म्हणून बैठक संपली की चप्पल घालून पळू नका. नंतरचा चहा, कोपऱ्यावरचे तर्री पोहे, गाडी काढताना फाटकाशी झालेलं दहा मिनिटांचं बोलणं, मोजणी तिथे होते.

काम मागून घ्या

वसंतराव देशपांडे सभागृहात दर्जेदार गाणं ऐकायला पाचशे माणसं येतात आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता परत जातात. ते वाईट नाही, पण ओळखीसाठी ते निरुपयोगी आहे. त्याच गाण्याच्या आधी सतरंज्या टाकणारी, नंतर माईकच्या वायरी गुंडाळणारी आठ माणसं मात्र एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. "ते टोक धरा जरा" हे वाक्य अनोळखी माणसाला सहज म्हणता येतं. लाजाळू माणसाला तर काम हा फार मोठा आधार आहे, कारण कामामुळे तिथे उभं राहायला कारण मिळतं.

तेव्हा नव्या ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या भेटीला एक लहान जबाबदारी मागा. हजेरीची वही, पाण्याची कॅन, फोटो काढणं, महिन्याच्या वाढदिवसांची यादी. मोठं पद मागू नका. कार्यकारिणी वर्षानुवर्षं त्याच चार नावांची असते आणि नवा माणूस थेट सचिवपदाकडे बघू लागला की जुने सावध होतात. पाण्याच्या कॅनकडे कोणाचं लक्ष नसतं, पण दर आठवड्याला ती आणणारा माणूस दोन महिन्यांत सगळ्यांना नावाने माहीत होतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल एवढंच म्हणते: तो निरोपापुरता ठीक. सुप्रभातच्या चित्रांनी तास भरत नाहीत.

नागपुरात कुठे जाल

वाचनालयापासून सुरुवात करा, कारण तिथे आत शिरायला कोणाची ओळख लागत नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि सरकारी अनुदान मिळतं. अनामत आणि मासिक वर्गणी परवडणारी असते. पण पुस्तक बदलून लगेच निघालात तर ओळख होणार नाही. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसा. तिथे रोज येणारी पाच-सात माणसं ठरलेली असतात, आणि अग्रलेखावरचा वाद ऐकता ऐकता तुम्हीही त्यात ओढले जाता. साहित्याची आवड असेल तर विदर्भ साहित्य संघ आहे. १९२३ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्य ठाणं पुढे नागपुरात, सीताबर्डीवर आलं. तिथले कार्यक्रम खुले असतात, आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची ये-जा आहे.

विदर्भाचं स्वतःचं असं एक रूप म्हणजे गुरुदेव सेवा मंडळ. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनांतून आणि सामुदायिक प्रार्थनेतून गावोगाव माणसं एकत्र बसवली. त्यांचं नाव आज नागपूर विद्यापीठाला आहे आणि त्यांच्या मंडळांच्या शाखा वस्त्यांमध्ये आहेत. प्रार्थना छोटी, वेळ ठरलेली, साहित्य म्हणजे एक सतरंजी आणि खंजिरी. ओळखी होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे तीच जागा, तीच वेळ आणि सगळ्यांनी मिळून करण्याचं काम, या प्रार्थनेत अभ्यासकांनी लिहून ठेवण्याच्या आधीपासून आहेत.

बुद्धिबळाला सध्या शहरात भरती आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यानंतर पट घेऊन बसणाऱ्या मुलांच्या आया एकमेकींना ओळखू लागल्या आहेत. याकडे मी गमतीने बघत नाही. मुलांच्या वर्गाबाहेर थांबणारे पालक हा शहरातला एक मोठा, बिननावाचा क्लब आहे. आठवड्यातून दोनदा तासभर त्याच बाकावर बसायचं असेल तर मोबाइल बॅगेत ठेवून शेजारच्या बाईंना नाव विचारा.

पक्षी बघणाऱ्यांमध्ये सामील होणं सर्वात सोपं, असं माझं मत आहे. गोरेवाडा, अंबाझरी, फुटाळा हे तलाव शहरातच आहेत आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. काहीच माहीत नसलेला माणूस तिथे अडचण ठरत नाही, उलट त्याला दाखवण्यात जुन्यांना आनंद असतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, तिच्यात कोणीही किमान १५ मिनिटं पक्षी मोजून नोंद करू शकतो. पहिल्यांदा जायला तो चांगला मुहूर्त.

आणि सणांची मंडळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ही परंपरा १८८० च्या दशकापासून जुन्या नागपुरात चालू आहे, आणि तिची तयारी गल्लीतली माणसं आठवडे-आठवडे करतात. मग गणपती. मग दसऱ्याला दीक्षाभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे धम्मदीक्षा घेतली, त्या स्मरणाने दरवर्षी देशभरातून लाखो माणसं येतात, आणि त्यांच्यासाठी जेवण, पाणी, औषधोपचार बघायला शहरातल्या अनेक संस्था आणि वस्त्यांमधले गट उभे राहतात. एक दिवस पोळ्या वाटायला उभं राहिलेल्या माणसाला शेजारी उभ्या असलेल्याचं नाव आयुष्यभर लक्षात राहतं. त्याच दिवसांत धंतोलीत बंगाली मंडळींची दुर्गापूजा असते. ही मंडळी या शहरात कशी रुजली हे विचारलंत तर बंगाल-नागपूर रेल्वेपासूनचा इतिहास ऐकायला मिळेल.

कधी जायचं यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात सुरुवात करू नका. उन्हामुळे संध्याकाळचे गट बंद पडलेले असतात, निम्मी माणसं गावाला गेलेली असतात, आणि रिकामी सतरंजी बघून तुमचा उत्साह जातो. गणेश चतुर्थीच्या तीन आठवडे आधी जा; तेव्हा प्रत्येक मंडळाला हात कमी पडत असतात आणि नव्या माणसाचं स्वागत होतं. दुसरी चांगली वेळ कोजागिरीनंतरची. थंडीत हुरडा, रोडग्यांची जेवणं, रामटेक-नगरधनच्या सहली सुरू होतात, आणि एका दिवसाच्या सहलीत आठ तास भरतात.

आपले आणि बाहेरचे

अभ्यासक दोन प्रकारचे संबंध मानतात. एक, सारख्या माणसांना आपसात बांधणारे. दुसरे, वेगळ्या माणसांमध्ये पूल घालणारे. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी हा भेद लोकांपर्यंत पोहोचवला. नागपुरात पहिल्या प्रकाराची कमी नाही. जवळपास प्रत्येक समाजाचं भवन आहे, वधू-वर मेळावा आहे, गुणवंतांचा सत्कार आहे. अडचणीत ते धावून येतात, शिष्यवृत्ती देतात, वसतिगृहं चालवतात. त्यांची किंमत कमी करण्याचं कारण नाही.

पण तेवढंच असलं तर शहर धोक्यात येतं, हे भारतातल्याच अभ्यासातून दिसलेलं आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलिगढ आणि केरळातलं कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्यांची तुलना केली. प्रश्न असा, की हिंदू-मुस्लिमांचं प्रमाण जवळपास सारखं असूनही एका शहरात दंगली का पेटतात आणि दुसऱ्यात का विझतात? दोन्ही समाजांचे लोक सभासद असलेल्या संघटना, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचक मंडळं, जिथे भक्कम होत्या तिथे अफवा पसरली की फोन फिरायचे, माणसं एकमेकांना गाठून खरं-खोटं करायची. शेजारपाजारचा नुसता रामराम खेड्यात पुरेसा ठरतो, पण लाखो वस्तीच्या शहरात तो अफवेपुढे टिकत नाही. कालिकतमध्ये दोन्ही समाजांचे लोक अनेकदा एकत्र जेवतात असं ८३ टक्के लोकांनी सांगितलं, अलिगढमध्ये ५४ टक्के.

मार्च २०२५ मध्ये महाल आणि आसपास अफवेनंतर दगडफेक, जाळपोळ झाली आणि कित्येक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. तेव्हा अनेकांना जाणवलं की पलीकडच्या मोहल्ल्यात फोन लावावा असा एकही नंबर आपल्याकडे नाही. म्हणून माझा आग्रह असा: एक मंडळ आपल्या माणसांचं असू द्या, आणि दुसरं असं निवडा जिथे आडनावं मिसळलेली आहेत. मैदान, वाचनालय, गायनाचा वर्ग, पक्षी, रक्तदान गट, बाजारातली संघटना. हजेरीच्या वहीतली नावं वाचली तरी कळतं.

याच ओघात एक विनंती, जुन्या सभासदांना. नवा माणूस आला की आपल्याकडे पहिला प्रश्न "आडनाव काय?" आणि दुसरा "गाव कोणतं?" हे प्रश्न विचारणाऱ्याला साधे वाटतात, पण पुष्कळांना त्यामागचा प्रश्न ऐकू येतो आणि ते पुन्हा येत नाहीत. "कुठे राहता?" एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

पैसे देण्याआधी

वर्गणी द्या, पण पावती घ्या. कायमस्वरूपी संस्थेच्या पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रात अशा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवतात, आणि दुसऱ्या कायद्याची अंमलबजावणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळाला वर्गणीसाठी त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. ती आहे का, हे विचारणं हा उद्धटपणा नव्हे. वार्षिक सभा होते का आणि जमाखर्च वाचून दाखवतात का, एवढं पाहिलं तरी संस्थेची तब्येत समजते.

भिशीबद्दल सावध राहा. बारा जणींनी महिन्याला हजार रुपये टाकून दरमहा एकीने बारा हजार उचलायचे, ही पद्धत विश्वासावर चालते आणि बहुतेक ठिकाणी नीट चालते. पण हा विश्वास आधी लागतो. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात भिशीत पैसे टाकू नका. वर लिहिलेले ५० तास होऊ द्या. तिसऱ्याच भेटीला कोणी साबण, पावडर किंवा "जोडधंदा" घेऊन घरी येऊ पाहत असेल तर तो गट सोडा. निवडणुकीच्या वर्षात अचानक जिवंत होणारी मंडळंही असतात. तिथे सहली फुकट असतात आणि पुढच्या वर्षी कोणी भेटत नाही.

बायकांसाठी एक वेगळी अडचण आहे, वेळेची. संध्याकाळी सातची बैठक म्हणजे स्वयंपाकाची वेळ, आणि परतताना अंधार. ही अडचण मंडळाने सोडवायची आहे, त्या बाईने नाही. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ ठेवली, एखादी खोली मुलांसाठी मोकळी ठेवली, की महिला सभासद वाढतात.

जवळपास काहीच नसेल तर

नव्या लेआउटमध्ये असं असतं: प्लॉट, फ्लॅट, भिंती, आणि एकही पार नाही. तिथे स्वतः सुरुवात करावी लागते, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही. आज बागाबागांत दिसणारा हास्य क्लब डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईच्या एका बागेत सुरू केला तेव्हा जमलेली माणसं पाच होती.

चार घरं पुरतात. जागा एक ठरवा: एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या) बागेतला बाक, देवळाचा ओटा, इमारतीचं पार्किंग. वार आणि वेळ एक ठरवा आणि सहा महिने बदलू नका. काम एक ठरवा: चालणं, एक धडा मोठ्याने वाचणं, झाडांना पाणी घालणं, मुलांना कॅरम शिकवणं. दोनच माणसं आली तरी तो दिवस रद्द करू नका, कारण एकदा रद्द झालं की पुढच्या वेळी प्रत्येक जण "आज आहे का?" असं विचारतो, आणि विचारणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत. पाऊस असेल तर जिन्यात बसा. जो आला नाही त्याला त्याच संध्याकाळी फोन करा, पण जाब विचारायला नको. काय झालं ते सांगायला करा.

पैसे जमवायला लागलात की वही ठेवा आणि ती सगळ्यांना बघू द्या. संस्थेची नोंदणी पुढे करावीशी वाटली तर १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान ७ जण लागतात, नियमावली लागते, आणि एकदा नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून घेणं आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणं मागे लागतं. कार्यक्रमासाठी हॉल घ्यायचा आहे, देणग्या घ्यायच्या आहेत, बँकेत खातं हवं आहे, अशी गरज आल्यावरच त्या वाटेला जा.